ट्यूरिनचा करंडक कोणाकडे जाणार? एटीपी फायनल्सच्या दावेदारांचा अंदाज बांधण्याची रीत

नोव्हेंबर उजाडला की क्रमवारी समोर ठेवून पहिल्या तीन नावांवर खुणा करायच्या आणि त्यालाच अंदाज म्हणायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. एटीपी फायनल्स या पुरुष टेनिसमधल्या वर्षअखेरच्या आठ जणांच्या स्पर्धेच्या बाबतीत ती बऱ्याचदा फसते. २०१७ ला ग्रिगोर दिमित्रोव्ह, २०१८ ला अलेक्झांडर झ्वेरेव, २०१९ ला स्टेफानोस त्सित्सिपास, २०२० ला डॅनिल मेदवेदेव, २०२१ ला पुन्हा झ्वेरेव, २०२२ ला आठव्या क्रमांकावरचा नोव्हाक जोकोविच. सलग सहा वर्षे क्रमवारीत अव्वल असलेल्याने हा करंडक उचललेला नाही. त्यानंतर जोकोविचने २०२३ ला आणि यानिक सिनरने २०२४ ला अव्वल क्रमांकावर असताना तो जिंकला, तर २०२५ ला सिनर जिंकला तेव्हा पहिल्या क्रमांकावर कार्लोस अल्कराझ होता.

याचा अर्थ ही स्पर्धा लॉटरी आहे असा मुळीच नाही. वर्षभराची क्रमवारी एका प्रश्नाचे उत्तर देते आणि इटलीतल्या ट्यूरिनमधला या स्पर्धेचा आठवडा वेगळाच प्रश्न विचारतो. वर्षाचे गुण माती, गवत, उघडे हार्ड कोर्ट, ऊन, वारा आणि पाच सेटचे सामने या सगळ्यांतून जमा होतात. ट्यूरिनच्या इनाल्पी अरेनात छप्पर आहे, वारा नाही, सामने तीन सेटचे आहेत आणि पहिल्या दिवसापासून समोर पहिल्या दहातला खेळाडू आहे. म्हणून अंदाज बांधताना ‘वर्षातला सर्वोत्तम कोण’ हे बाजूला ठेवून ‘या छपराखाली, या आठवड्यात, या सात जणांविरुद्ध कोण’ एवढेच विचारायचे. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: आत कोण येणार ते नीट मोजा

खेळाडू आठच. वर्षभराच्या शर्यतीतले पहिले सात थेट येतात. आठवी जागा त्या वर्षी ग्रँड स्लॅम जिंकलेल्या आणि आठ ते वीस या क्रमांकांत असलेल्या खेळाडूला मिळते. असा कोणी नसेल तर ती आठव्या क्रमांकाची. २०२२ मध्ये विम्बल्डनला क्रमवारीचे गुणच दिले गेले नव्हते. जोकोविच तिथे जिंकूनही शर्यतीत मागे राहिला, पण या नियमाने आत आला आणि एकही सामना न हरता विजेता ठरला. त्यामुळे शर्यतीचा तक्ता बघताना आठव्या ओळीवर थांबू नका, विसाव्या ओळीपर्यंत जा.

शर्यत आणि नेहमीची क्रमवारी यांत गल्लत होते. क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांची असते, शर्यत जानेवारीत शून्यापासून सुरू होते. जानेवारी २०१८ मध्ये केविन अँडरसन पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपनचा उपविजेता ठरला, तेव्हा त्याच्या त्या वर्षीच्या शर्यतीची सुरुवात तिथून झाली. नोव्हेंबरात तो लंडनमध्ये (तेव्हा ही स्पर्धा तिथे होत असे) पहिल्यांदाच एटीपी फायनल्स खेळला आणि उपांत्य फेरीपर्यंत गेला.

गुणांचा हिशेब असा: ग्रँड स्लॅम विजेत्याला २,०००, उपविजेत्याला १,३००, उपांत्य फेरीला ८००, उपांत्यपूर्व फेरीला ४००. मास्टर्स स्पर्धेत हेच आकडे १,०००, ६५०, ४०० आणि २००. पाचशेच्या स्पर्धेत ५००, ३३०, २००, १००. अडीचशेच्या स्पर्धेत २५०, १६५, १००, ५०. शेवटच्या जागेसाठी झुंज असेल तर प्रत्येकाच्या उरलेल्या स्पर्धा लिहून काढा आणि त्यांतून जास्तीत जास्त किती गुण मिळू शकतात ते मांडा. इथे एक चूक हमखास होते. छोट्या स्पर्धांचे सगळे निकाल मोजले जात नाहीत, ठरावीक संख्येइतके चांगले तेवढेच धरले जातात. ज्याच्या मोजल्या जाणाऱ्या निकालांच्या जागा आधीच भरलेल्या आहेत त्याने अडीचशेच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली आणि त्याचा सर्वांत कमकुवत मोजलेला निकाल ५० गुणांचा असेल, तर हाती १०० नव्हे, ५०च पडतात.

दुसरी पायरी: गुण आले कुठून?

प्रत्येक खेळाडूच्या गुणांची चार ढिगांत विभागणी करा: माती, गवत, उघडे हार्ड कोर्ट, छपराखालचे हार्ड कोर्ट. २०२५ च्या लॉरेन्झो मुसेटीचे उदाहरण घ्या. माँटे कार्लोचा अंतिम सामना, माद्रिद, रोम आणि रोलाँ गॅरोस (फ्रेंच ओपन) या तिन्ही ठिकाणी उपांत्य फेरी. ६५०, ४००, ४०० आणि ८०० मिळून २,२५० गुण फक्त मातीवरचे. हा खेळाडू उत्तमच, पण ट्यूरिनसाठी त्या गुणांचे वजन निम्मे धरावे.

निम्मे, शून्य नाही. कॅस्पर रूड हा मातीचा खेळाडू म्हणून ओळखला जातो. तरीही तो २०२१ ला उपांत्य फेरीत, २०२२ ला अंतिम फेरीत आणि २०२४ ला पुन्हा उपांत्य फेरीत होता. त्याची सर्व्हिस आणि त्यामागून येणारा जड फोरहँड छपराखालीही चालतो. थोडक्यात, ‘मातीवाला’ असा शिक्का मारून कोणाला काढून टाकू नका, त्याच्या खेळातले कोणते हत्यार छपराखाली बोथट होत नाही ते बघा.

तिसरी पायरी: छपराखालचा खेळ

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा.

छपराखाली वारा नसतो, डोळ्यांवर ऊन येत नाही. सर्व्हिससाठी चेंडू उंच टाकल्यावर तो रोज त्याच जागी खाली येतो. परिणामी चांगली सर्व्हिस असणाऱ्याचा नेम आणखी पक्का होतो, त्याची सर्व्हिस भेदणे कठीण जाते आणि सेट टायब्रेककडे (६-६ नंतरच्या निर्णायक गेमकडे) झुकतात. पण याचा दुसरा भाग लोक विसरतात. परतीच्या फटक्यासाठीही वारा नसतो. जो चेंडू लवकर, उसळी वर येतानाच घेऊ शकतो, त्यालाही तितकाच फायदा होतो. म्हणून नुसते तोफखाने इथे विजेते ठरत नाहीत. जोकोविचने ही स्पर्धा सात वेळा जिंकली ती परतीच्या फटक्याच्या बळावर. राफेल नदालसारखा २२ ग्रँड स्लॅमचा मानकरी इथे २०१० आणि २०१३ असे दोन अंतिम सामने खेळला आणि दोन्ही हरला. परतीला फार मागे उभे राहून चेंडूला फिरकीने उंच उसळवण्याचा त्याचा खेळ छपराखाली तेवढा जाचक ठरत नाही, हे त्याचे एक कारण आहे.

आता आकडे. एटीपीच्या सांख्यिकीत प्रत्येकाचे सर्व्हिसचे आणि परतीचे आकडे मिळतात. शक्यतो हार्ड कोर्टचे, त्यातही छपराखालचे वेगळे काढा. चार गोष्टी टिपा:

- सर्व्हिस राखण्याची टक्केवारी, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचे किती गेम जिंकले;
- सर्व्हिस भेदण्याची टक्केवारी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसचे किती गेम जिंकले;
- दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेले गुण;
- प्रतिस्पर्ध्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेले गुण.

पहिल्या दोन टक्केवाऱ्यांची बेरीज करा. बेरीज १०० आली तर खेळाडू जेवढे गेम जिंकतो साधारण तेवढेच हरतो. ११० च्या वर गेली की तो खरोखर पुढे आहे. ९० टक्के सर्व्हिस राखणारा आणि १५ टक्के भेदणारा १०५ वर येतो, ८६ टक्के राखणारा आणि २७ टक्के भेदणारा ११३ वर. पाहणाऱ्याला पहिला जास्त भीतिदायक वाटतो, पण या स्पर्धेत दुसऱ्यावर विसंबावे. पहिल्याचे सेट टायब्रेकमध्ये अडकतात आणि टायब्रेक म्हणजे दोन-चार गुणांचा खेळ. पाच सामने सलग तसे जिंकायला नशीब फार लागते.

शेवटचे दोन आकडे दडपणाचे माप देतात. पहिली सर्व्हिस सगळ्यांचीच चालते, सामना फिरतो तो दुसऱ्या सर्व्हिसवर. एखाद्याचे दुसऱ्या सर्व्हिसवरचे गुण ५० टक्क्यांच्या खाली रेंगाळत असतील, तर समोर सिनर किंवा जोकोविच असताना ती भेग रुंदावणार हे धरून चाला.

ब्रेक पॉइंट (गमावला तर सर्व्हिसचा गेम जातो असा गुण) वाचवण्याचे आणि टायब्रेकचे आकडे मात्र दुय्यम समजा. नमुना छोटा असल्याने ते दर महिन्याला उड्या मारतात. गेल्या आठपैकी सात टायब्रेक जिंकलेला खेळाडू पुढचे आठही जिंकेल असे मानणे ही फार महागात पडणारी चूक आहे.

छपराखालचा पुरावा कोणत्या स्पर्धांतून घ्यायचा? रॉटरडॅम फेब्रुवारीत, व्हिएन्ना आणि बासेल ऑक्टोबरच्या शेवटी, त्यानंतर पॅरिस मास्टर्स. पॅरिसची स्पर्धा २०२५ पासून बेर्सीऐवजी नांतेरच्या ला देफाँस अरेनात होते, त्यामुळे बेर्सीचे जुने निकाल जशास तसे लावू नका. सिनर २०२५ ला व्हिएन्ना आणि पॅरिस दोन्ही जिंकून ट्यूरिनला आला होता. छपराखाली तो शेवटचा हरला होता २०२३ च्या ट्यूरिनमधल्या अंतिम सामन्यात, जोकोविचकडून. इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो. मिळाला की त्याला भरपूर वजन द्यावे.

चौथी पायरी: पाय किती थकलेत?

अमेरिकन ओपननंतर खेळाडू बीजिंग किंवा टोकियोला जातात, मग शांघाय, मग युरोपात परत. दोन महिन्यांत दोनदा वेळ बदलते, हवा बदलते. अमेरिकन ओपननंतर कोणी किती सामने खेळले, त्यांतले किती तीन सेटपर्यंत ताणले आणि शेवटचा सामना कधी झाला, हे लिहा. कमी खेळलेला ताजा असतोच असे नाही, तो लयीतून बाहेरही असू शकतो. ऑक्टोबरात आठ ते बारा सामने आणि ट्यूरिनपूर्वी पाच-सहा दिवसांची विश्रांती ही चांगली स्थिती.

वाईट स्थिती कशी असते ते २०२५ ने दाखवले. आठवी जागा मिळवायला मुसेटीला अथेन्सची अडीचशेची स्पर्धा जिंकणे भाग होते. शनिवारी तो अंतिम सामन्यात तीन सेट झुंजून जोकोविचकडून हरला. जोकोविचने दुखापतीमुळे माघार घेतली म्हणून त्याला जागा मिळाली आणि सोमवारी तो ट्यूरिनमध्ये टेलर फ्रिट्झसमोर उभा होता. फ्रिट्झ ६-३, ६-४ असा जिंकला. मुसेटीने पुढे ॲलेक्स डी मिनॉरला तीन सेटमध्ये हरवले, पण शेवटच्या गटसामन्यात अल्कराझने त्याला ६-४, ६-१ असे गुंडाळले. शेवटच्या क्षणी धापा टाकत आत आलेल्याला गटात एखादा विजय मिळतो, पाच सामने झेपत नाहीत.

दुखापतीच्या बातम्यांत ‘बरा आहे’ या वाक्याला किंमत देऊ नका, वेगमापक बघा. पहिल्या सर्व्हिसचा सरासरी वेग लागोपाठच्या सामन्यांत ८-१० किलोमीटरने उतरला, तर पोट, खांदा किंवा पाठ यांपैकी काहीतरी दुखते आहे. पोटाच्या स्नायूच्या दुखापतीनेच अल्कराझला २०२२ च्या स्पर्धेला मुकावे लागले आणि त्या जागी आलेला फ्रिट्झ थेट उपांत्य फेरीत पोहोचला. राखीव खेळाडूंची नावेही म्हणूनच यादीत ठेवावीत.

पाचवी पायरी: गट आणि त्यातले गणित

पहिला मानांकित एका गटात, दुसरा दुसऱ्या गटात. तिसरा-चौथा, पाचवा-सहावा, सातवा-आठवा या जोड्यांतून चिठ्ठ्या काढून गट भरतात. प्रत्येकाचे तीन सामने, गटातून पहिले दोन उपांत्य फेरीत. सोडतीपूर्वी केलेला अंदाज सोडतीनंतर पुन्हा करावाच लागतो.

चार जणांच्या गटात सहा सामने होतात, म्हणून विजयही सहाच. ते चारच प्रकारे वाटले जातात: ३-२-१-०, २-२-१-१, ३-१-१-१ आणि २-२-२-०. पहिले दोन प्रकार जास्त वेळा येतात. चौघे अगदी तुल्यबळ मानले तर प्रत्येकी ६४ पैकी २४ वेळा, आणि उरलेले दोन प्रत्येकी आठ वेळा. म्हणजे दोन सामने जिंकूनही बाहेर जाण्याची किंवा एकच जिंकून पुढे जाण्याची पाळी खरोखर येते.

दोघांचे विजय समान असतील तर त्यांच्यातल्या सामन्याचा निकाल धरतात. तिघे समान असतील तर जिंकलेल्या सेटची टक्केवारी, मग गेमची टक्केवारी. त्यातून एक जण वर किंवा खाली निघाला की उरलेल्या दोघांत पुन्हा आपसातला सामना. दोन उदाहरणे पाठ असावीत.

२०१९, लंडन: त्सित्सिपास, झ्वेरेव आणि नदाल तिघांचे दोन-दोन विजय. सेट अनुक्रमे ५-२, ४-२ आणि ४-४. नदालने आपले दोन्ही विजय तीन सेटमध्ये मिळवले होते आणि पराभव सरळ सेटमध्ये. तो घरी गेला. त्सित्सिपास विजेता झाला.

२०२५, ट्यूरिन: अल्कराझचे तीन विजय, बाकी तिघांचा एकेक. सेट डी मिनॉर ३-४, फ्रिट्झ ३-४, मुसेटी २-५. मुसेटी गळाला आणि फ्रिट्झला हरवलेला डी मिनॉर एका विजयावर उपांत्य फेरीत गेला.

२००९ ला तर अँडी मरे अवघ्या एका गेमच्या फरकाने हुकला आणि हुआन मार्टिन डेल पोट्रो पुढे गेला. म्हणून दावेदार निवडताना ‘सरळ सेटमध्ये जिंकतो का’ हाही निकष ठेवा. हरतानाही एक सेट काढून घेणाऱ्याची किंमत या स्पर्धेत वाढते.

गटातल्या एका पराभवाने दावेदार संपत नाही. २०१७ ते २०२५ या नऊ वर्षांत पाच विजेते अपराजित होते, तर चार जण गटात एकेक सामना हरले होते. त्यांतल्या तिघांनी तर गटात ज्याने हरवले त्यालाच अंतिम सामन्यात हरवले: झ्वेरेवने २०१८ ला जोकोविचला आणि २०२१ ला मेदवेदेवला, जोकोविचने २०२३ ला सिनरला. उलट उदाहरणही आहे. २०२४ ला सिनरने फ्रिट्झला गटात ६-४, ६-४ हरवले आणि अंतिम सामन्यात पुन्हा नेमक्या त्याच गुणांनी.

सहावी पायरी: टक्केवारी मांडा आणि तपासा

‘तो जिंकेल असे वाटते’ हे पुरेसे नाही, आकडा लिहा. सुरुवातीला हार्ड कोर्टचे एलो गुणांकन, म्हणजे प्रत्येक निकालानुसार वर-खाली होणारे खेळाडूच्या ताकदीचे माप, घ्या. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याची संधी ६४ टक्के, २०० असेल तर ७६, ३०० असेल तर ८५. मग छपराखालचा खेळ, थकवा आणि आपसातले छपराखालचे सामने बघून पाचच टक्के वर-खाली करा. त्याहून जास्त केले की आवडनिवड शिरली असे समजा.

समजा गटातल्या प्रत्येक सामन्यात एखाद्याची संधी ८५ टक्के आहे. तिन्ही जिंकण्याची शक्यता ६१ टक्के, नेमके दोन जिंकण्याची ३२.५, म्हणजे पुढे जाण्याची सुमारे ९४. उपांत्य सामन्यात ७६ आणि अंतिम सामन्यात तोडीस तोड प्रतिस्पर्ध्यापुढे ५७ धरले, तर ०.९४ × ०.७६ × ०.५७ = सुमारे ४१ टक्के. एवढा वरचढ खेळाडूही निम्म्याहून जास्त वेळा हा करंडक उचलत नाही. प्रत्येक गटसामन्यात ६० टक्के संधी असणारा सुमारे ६५ टक्के वेळा पुढे जातो. पुढे ४५ आणि ३५ टक्के धरले तर विजेतेपदाची संधी १० टक्के उरते. त्याला ‘छुपा रुस्तम’ म्हणा, दावेदार म्हणू नका.

मग तीन बेरजा तपासा. गटातल्या चौघांच्या अपेक्षित विजयांची बेरीज सहाच आली पाहिजे. त्यांच्या उपांत्य फेरीच्या शक्यतांची बेरीज २०० टक्के. आठही जणांच्या विजेतेपदाच्या शक्यतांची बेरीज १००. पहिल्यांदा मांडणाऱ्याची शेवटची बेरीज बहुधा बरीच जास्त येते, कारण आवडत्या तिघा-चौघांना प्रत्येकी चाळीस टक्के दिलेले असतात. मग कोणाचे तरी कापावेच लागते, आणि खरा विचार तिथेच सुरू होतो.

सातवी पायरी: आठवडाभर आकडे बदलत राहा

पहिल्या फेरीतले विजेते साधारणपणे एकमेकांशी खेळतात, हरलेले एकमेकांशी. म्हणून दुसऱ्या सामन्यानंतर चित्र झपाट्याने स्पष्ट होते. एका गटाचे शेवटचे सामने गुरुवारी तर दुसऱ्याचे शुक्रवारी होतात, आणि दोन्ही उपांत्य सामने शनिवारी. शुक्रवारी रात्री उशिरा तीन सेट खेळलेल्याचे तीन-चार टक्के कापावेत. सरळ सेटमध्ये आटोपले असेल तर कापू नका. २०२५ ला सिनरचा गट शुक्रवारी संपला, तरी शनिवारी त्याने डी मिनॉरला ७-५, ६-२ आणि रविवारी अल्कराझला ७-६, ७-५ असे हरवले. पूर्ण स्पर्धेत त्याने एकही सेट गमावला नाही.

आजाराकडेही लक्ष असू द्या. २०२४ ला अल्कराझ ट्यूरिनमध्ये आजारी होता. पहिलाच सामना तो रूडकडून हरला आणि पुढे गटातच बाद झाला. अशा वेळी जुने गुणांकन धरून बसू नये.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: नोव्हेंबरात इटलीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिथला दुपारी दोनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, रात्री साडेआठचा आपल्याकडे मध्यरात्रीनंतर एक वाजता. रात्रीचे सामने जागून बघणे जमले नाही, तर सकाळी नुसता निकाल न वाचता दोघांचे दुसऱ्या सर्व्हिसवरचे गुण आणि पहिल्या सर्व्हिसचा वेग बघा, मगच पुढच्या सामन्याची टक्केवारी लिहा.